गोळीला पत्ता कोण सांगतं?

मुलांनो, संमेलनाच्या गमतीजमती तुमच्याही शाळेत झाल्या असतील. इथे गंगापूर रोडवरच्या आमच्या छोट्याशा शाळेत यंदा चौथीच्या मुलांनी एकनाथमहाराजांचं विंचवाचं भारूड बसवलं होतं. ज्याला विंचू चावतो त्याचं काम करणारा मुलगा असा काही गडाबडा लोळला, असा काही कळवळला, की पालक हसून हसून बेजार. मागच्या बाकांवरून शिट्ट्यासुद्धा आल्या. (शिट्ट्या वाजवणारे कोण ते मला ठाऊक आहे बरं का!)

दुसऱ्या रांगेत माझी आई बसली होती. ती मात्र एकदाही हसली नाही.

रात्री घरी आल्यावर मी विचारलं, "आवडलं नाही का गं?" ती म्हणाली, "मुलांनी केलं छान. पण विंचू चावलेलं माणूस मी पाहिलंय." आणि मग तिने जे सांगितलं ते मी पस्तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकत होते.

आईचं माहेर महाड तालुक्यातलं. १९७९ साल. भातकापणी उरकली होती, अंगणात पेंढ्याचे भारे पडले होते. आईचा धाकटा भाऊ त्या भाऱ्यांवर खेळत होता. वय वर्षं आठ. म्हणजे माझा मामाच तो, पण मी त्याला कधी पाहिलं नाही. पायाला काही तरी डसलं म्हणून तो ओरडला. पेंढ्यातून एक लालसर विंचू सरपटत गेला, बोटाएवढासुद्धा नव्हता. गावात विंचू उतरवणारे एक गृहस्थ होते, त्यांना बोलावलं. त्यांनी त्यांच्या परीने सगळं केलं. पण मामाला उलट्या सुरू झाल्या. घामाने सदरा भिजला. आई म्हणाली, "त्याचे हातपाय इतके गार पडले की मी माझ्या ओढणीत गुंडाळून चोळत बसले होते." मध्यरात्री त्याला दम लागला, तोंडाला गुलाबी फेस आला. उजाडायच्या आत तो गेला.

नऊ वर्षांनी, १९८८ मध्ये, त्याच अंगणात माझ्या आजीला विंचू चावला. तसाच लाल. तशाच उलट्या, तसाच घाम, तसेच गार हातपाय. या वेळी मात्र घरच्यांनी तिला थेट तालुक्याच्या गावी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिला आडवं झोपवून ठेवलं आणि एक छोटीशी गोळी दिली. काही तासांनी पुन्हा एक. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आजी घरी आली आणि त्यानंतर वीसएक वर्षं जगली. तिच्या हातचे घावन मी भरपूर खाल्ले आहेत.

एवढं सांगून झाल्यावर आईने मला एक प्रश्न विचारला. "तू एवढी शिकलेली, मला एक सांग. विष शिरलं पायात. गोळी गेली पोटात. आणि जीव चालला होता छातीत. मग त्या गोळीला छातीचा पत्ता कोणी सांगितला?"

आई सातवी शिकलेली आहे. मी डी.एड. केलं, रोज मुलांना "प्रश्न विचारा, प्रश्न विचारा" म्हणून सांगते, आणि हा प्रश्न मला स्वतःला कधी पडला नव्हता! मी काही डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकते. पण माझी एक मैत्रीण फार्मसी कॉलेजात शिकवते. तिला सलग दोन रविवार छळलं. त्यातून जे कळलं ते या आठवड्यात तुमच्यासाठी.

आधी गोळीचा प्रवास पाहू.

तुम्ही पाण्याबरोबर गोळी गिळता. जठरात ती भिजते, फुगते, फुटते, तिचा चुरा होतो आणि तो विरघळू लागतो. विरघळल्याशिवाय गोळी काही कामाची नाही. आता एक प्रयोग करा. दोन ग्लासांत सारखंच पाणी घ्या. एकात खडीसाखरेचा एक खडा टाका, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाची पिठीसाखर. ढवळू नका. कुठली आधी विरघळते आणि किती मिनिटांच्या फरकाने, ते वहीत लिहा. (प्रयोग साखरेचाच करायचा. औषधाच्या डब्याला हात लावायचा नाही!)

विरघळलेलं औषध जठरातून पुढे लहान आतड्यात जातं आणि बहुतेक औषधं तिथेच रक्तात शिरतात. तिथेच का? कारण तिथे जागा भरपूर. मोठ्या माणसाचं लहान आतडं साधारण सहा मीटर लांब असतं, आणि आतून ते टर्किश टॉवेलसारखं असतं, सगळीकडे बारीक बारीक लव. या लवेला रसांकुर म्हणतात. माझ्या लहानपणच्या पुस्तकांत लिहिलेलं असायचं की आतड्याची ही सगळी लव पसरली तर टेनिसचं मैदान भरेल. २०१४ साली शास्त्रज्ञांनी नीट मोजलं तेव्हा ते साधारण तीस चौरस मीटर निघालं, म्हणजे अर्ध्या बॅडमिंटन कोर्टाहून थोडं कमीच. टेनिसवरून बॅडमिंटनवर आलो! तरी एका पोटात एवढं मैदान म्हणजे कमी नाही.

रसांकुरांच्या आत केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात. औषध त्यांत झिरपतं. पण तिथून ते सरळ हृदयाकडे जात नाही. आतड्याकडून निघालेलं सगळं रक्त आधी यकृतात जातं. तुमच्या आईबाबांना विचारा, पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाका असायचा. मालाचा ट्रक आला की थांबायचं, जकात भरायची, मग आत. यकृत हा आपल्या शरीराचा जकात नाका. फरक एवढाच, की हा नाका पैसे घेत नाही, मालच काढून घेतो! काही औषधांचा थोडा भाग तो मोडून टाकतो, काहींचा निम्म्याहून जास्त, आणि काहींचा तर जवळजवळ सगळा. म्हणूनच काही औषधं गिळून चालत नाहीत. आजोबांच्या छातीत दुखलं की ते जिभेखाली गोळी ठेवतात ना? जिभेखालच्या रक्तवाहिन्या नाका चुकवून थेट हृदयाकडे जातात. आणि इन्सुलिन टोचूनच का घ्यावं लागतं? कारण ते प्रथिन आहे. गिळलं तर उकडलेल्या अंड्यासारखं पचून जाईल.

नाक्यातून सुटलेलं औषध हृदयात येतं, फुफ्फुसातून फिरून परत हृदयात, आणि तिथून सगळीकडे. सगळीकडे म्हणजे अगदी सगळीकडे! आपण स्वस्थ बसलो असलो तरी रक्ताची एक फेरी साधारण एका मिनिटात पुरी होते. डोकं दुखतं म्हणून घेतलेली गोळी पायाच्या करंगळीतही पोचलेली असते, कानाच्या पाळीतही.

म्हणजे आईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे, की गोळीला पत्ता कोणीच सांगत नाही. तिच्याकडे पत्ता नसतोच.

मग तिच्याकडे असतं काय? किल्ली.

अशी कल्पना करा. एका मुलाला अशोकस्तंभापाशी सोडलं. त्याच्या हातात एक किल्ली दिली, पत्ता दिला नाही. तो बिचारा गंगापूर रोडने निघाला. प्रत्येक फाटकाशी थांबतो, किल्ली लावून बघतो. लागली नाही की पुढे. जेहान सर्कल झालं, आनंदवली झाली, सोमेश्वर आलं. शेकडो फाटकं झाली, पण किल्ली लागली ती सात-आठच कुलपांना, आणि तेवढीच उघडली. लांबून बघणाऱ्याला वाटेल, पोराला पत्ता पाठ होता! प्रत्यक्षात तो सगळ्या दारांशी गेला होता. उघडली ती फक्त त्याच्या किल्लीची दारं.

आपल्या पेशींवर अशी कुलपं खरोखरच असतात. इंग्रजीतून आलेला शब्द रिसेप्टर, मराठीत ग्राही. १९०५ साली इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या जॉन लँगली यांनी, स्नायूंवर औषधांचा परिणाम बघता बघता, पेशीवर असं काही तरी पकडणारं असलं पाहिजे, असं मांडलं. दिसत मात्र नव्हतं. पुढची कित्येक वर्षं ग्राही म्हणजे नुसता अंदाज आहे, असं म्हणणारे मोठमोठे लोक होते. (सगळीच औषधं कुलपात बसून काम करत नाहीत, हेही सांगून ठेवते. अॅसिडिटीची चघळायची गोळी जठरातलं आम्ल सरळ मारते, तिथे कुलूप नाही न् किल्ली नाही. पण पुष्कळशी औषधं ग्राहीवरच काम करतात.)

मात्र निसर्गाने ही कुलपं औषधांसाठी केलेली नाहीत. ती आपल्या शरीराच्या स्वतःच्या किल्ल्यांसाठी आहेत. त्यातली एक किल्ली तुम्ही सगळ्यांनी अनुभवली आहे. शिकवणीहून येताना कुत्रं मागे लागलं की काय होतं? छाती धडधडते, हात गार पडतात, तोंडाला कोरड पडते. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी असतात. त्या रक्तात अॅड्रेनलिन सोडतात. मज्जातंतूंच्या टोकांतूनही तिचीच बहीण, नॉरअॅड्रेनलिन, बाहेर पडते. किल्ली तीच, पण कुलपं दोन जातींची. १९४८ साली अमेरिकेतल्या रेमंड अॅलक्विस्ट यांनी त्यांना अल्फा आणि बीटा अशी नावं दिली. हृदयावरचं बीटा कुलूप उघडलं की हृदय जोरात पळतं. रक्तवाहिनीवरचं अल्फा कुलूप उघडलं की ती वाहिनी आवळते. कातडीच्या वाहिन्या आवळल्या, रक्त कमी आलं, की हात गार.

कुत्रं मागे राहिलं की किल्ल्या कुलपातून निघतात, दहा मिनिटांत सगळं जागेवर. पण समजा, किल्ल्यांचा पाऊसच थांबला नाही तर?

लाल विंचवाचं विष नेमकं हेच करतं. आपल्या मज्जातंतूंवर सोडियमसाठी इवलेसे दरवाजे असतात. ते उघडले की संदेश जातो, मिटले की थांबतो. विष त्या दरवाजांना नीट मिटूच देत नाही. मग मज्जातंतू संदेशावर संदेश सोडत सुटतात, आणि अॅड्रेनलिन-नॉरअॅड्रेनलिनचा पूर येतो. शरीरभर रक्तवाहिन्या आवळतात. हातपाय बर्फ. रक्तदाब भडकतो. पाण्याचा पाइप पायाखाली दाबून धरला तर मोटारीवर किती ताण येतो, तसा हृदयावर येतो. शिवाय एवढ्या अॅड्रेनलिनने हृदयाचा स्नायूही दुखावतो. ते थकतं. पुढे रक्त ढकलता येत नाही, म्हणून मागे फुफ्फुसात तुंबतं, आणि त्यातलं पाणी फुफ्फुसात झिरपतं. मामाच्या तोंडाला आलेला गुलाबी फेस तो हाच. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर, पण जिवावर बेततं ते बहुधा या छोट्या लाल विंचवाचं.

आता त्या छोट्याशा गोळीची गोष्ट. ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रातच घडली.

जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉक्टर हिम्मतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला आले. तो भाग लाल विंचवांचा. विंचू चावलेली माणसं, त्यातही मुलं, त्यांच्यासमोर मरत होती आणि पुस्तकांत नेमका उपाय सापडत नव्हता. तेव्हा जी औषधं वापरायची पद्धत होती त्यांनी फरक पडत नव्हता. आता आपल्याला कळतं की त्या दुसऱ्याच कुलपांच्या किल्ल्या होत्या! त्यांनी काय केलं? रुग्णाच्या खाटेजवळ बसून राहिले आणि लिहीत गेले. घाम केव्हा आला, हातपाय केव्हा गार पडले, नाडी किती, रक्तदाब किती. कशानंतर काय होतं, याची नोंद. लंडनहून १८२३ पासून निघणारं 'लॅन्सेट' हे वैद्यकाचं जगप्रसिद्ध साप्ताहिक आहे. १९८२ साली त्यात बावस्करांचा लेख छापून आला. विंचवाच्या दंशानंतर हृदयावरच्या संकटाची पूर्वसूचना देणारी लक्षणं कोणती, हा त्याचा विषय. मधल्या काळात त्यांनी पुण्याला जाऊन एम.डी. केलं, आणि पुन्हा कोकणात परतले. मला ही परत येण्याची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. एम.डी. झालेल्या डॉक्टरला शहरात काय कमी होतं?

माणसं मरतात ती आवळलेल्या रक्तवाहिन्या आणि थकलेल्या हृदयामुळे, हे पक्कं झालं. मग वाहिन्या सैल करणारं औषध हवं. त्यांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिलं. ते काम करतं, पण सलाइनमधून थेंब थेंब द्यावं लागतं आणि रक्तदाबावर सतत डोळा ठेवावा लागतो. थेंब जरा जास्त पडले तर रक्तदाब घसरून पडतो. खेड्यातल्या आरोग्य केंद्रात, रात्री, वीज गेलेली असताना हे कसं जमायचं? तोंडाने देता येईल असं काही तरी हवं होतं.

तसं एक औषध जगात होतं. त्याचं नाव प्राझोसिन. १९७०च्या दशकात ते वाढलेल्या रक्तदाबासाठी बाजारात आलं होतं. त्याची गंमत अशी, की ते रक्तवाहिनीवरच्या अल्फा कुलपात बरोबर बसतं, पण फिरत नाही! तुमच्यापैकी कोणी खोडकरपणाने कुलपात भलतीच किल्ली खुपसून ठेवली असेल तर आठवा. मग खरी किल्ली घेऊन आलेले बाबा दाराबाहेर उभे. तसंच हे. अॅड्रेनलिनच्या खऱ्या किल्ल्या बाहेर गर्दी करतात, पण कुलपात आधीच कोणी तरी बसलेलं. वाहिन्या आवळत नाहीत, सैल पडतात. हातपाय ऊबदार होऊ लागतात, हृदयावरचं ओझं उतरतं.

१९८६ साली हिम्मतराव आणि त्यांच्या पत्नी डॉक्टर प्रमोदिनी बावस्कर, दोघांच्या नावाने 'लॅन्सेट'मध्ये प्राझोसिनची माहिती छापून आली. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेत अॅड्रेनलिनच्या एका ग्राहीची घडण ठरवणारा जनुक प्रथमच हाती आला. त्या ग्राहीचा आकार स्फटिक करून प्रत्यक्ष दिसायला २००७ साल उजाडलं. या कामासाठी रॉबर्ट लेफकोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना २०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे बघा, महाड-पोलादपूरकडे किल्ली लावून माणसं वाचत होती, तेव्हा कुलूप डोळ्यांनी कोणीच पाहिलेलं नव्हतं!

आकडे सांगते. प्राझोसिनच्या आधी, लाल विंचवाच्या विषाने गंभीर झालेल्या शंभर रुग्णांमधले साधारण तीस दगावत असत. वेळेवर हे औषध मिळू लागल्यावर ते प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आलं. २०२२ साली बावस्करांना पद्मश्री मिळाली.

आता माझ्या आजीच्या गोष्टीतल्या दोन बारीक गोष्टी आठवा. एक, तिला आडवं झोपवून ठेवलं होतं. दोन, गोळी पुन्हा दिली होती.

आपण उभे राहिलो की रक्त पायाकडे उतरू बघतं. तेव्हा पायातल्या वाहिन्या पटकन आवळतात, म्हणून मेंदूला रक्त मिळत राहतं. हे आवळणंही त्याच अल्फा कुलपाने होतं! प्राझोसिनला कुठे कळतं की हे कुलूप विंचवाच्या पुरातलं आणि हे रोजच्या कामातलं? ते सगळ्याच अल्फा कुलपांत जाऊन बसतं. पहिली गोळी घेऊन माणूस एकदम उठलं तर चक्कर येऊन पडू शकतं. औषधाचे 'दुष्परिणाम' म्हणतात त्यातले बरेचसे असेच असतात. औषध बिघडलेलं नसतं, ते फक्त नको त्या दारालाही लागलेलं असतं.

आमच्या वर्गातल्या एका मुलाला दमा आहे. त्याच्या पंपातलं सालब्युटॅमॉल श्वासनलिकेवरच्या बीटा कुलपात बसतं आणि फिरतंसुद्धा, अगदी खऱ्या किल्लीसारखं. नळ्या रुंद होतात, श्वास मोकळा होतो. तेच औषध तो लहानपणी पातळ औषध म्हणून प्यायचा तेव्हा त्याचे हात थरथरायचे, अक्षर वेडंवाकडं यायचं. प्यायलेलं औषध आतड्यातून, नाक्यावरून, अंगभर फिरून श्वासनलिकेपर्यंत यायचं, आणि वाटेत हातांच्या स्नायूंवरची कुलपंही उघडायचं. पंपाने ते सरळ दारात पोचतं. म्हणून मात्रा थोडी पुरते, आणि अक्षरही सुधारलं. औषध कुठल्या वाटेने द्यायचं याचा विचार डॉक्टर का करतात, ते आता कळलं ना?

दुसरी गोष्ट पुन्हा गोळी देण्याची. प्राझोसिन कुलपात कायमचं चिकटत नाही. ते बसतं, निघतं, पुन्हा बसतं. गिळल्यावर ते भरात यायला साधारण दोन-तीन तास जातात, आणि रक्तातलं औषध निम्मं व्हायलाही पुढे तेवढाच वेळ लागतो. यकृत ते मोडत राहतं. औषध कमी झालं की कुलपं मोकळी, आणि विषाचा पूर तर अजून ओसरलेला नाही. म्हणून हातपाय गरम होईपर्यंत डॉक्टर ठराविक वेळाने पुन्हा गोळी देतात. तुमच्या चिठ्ठीवर "दिवसातून तीन वेळा" लिहिलेलं असतं, तेही साधारण याच हिशेबाने.

चाणाक्ष मुलं विचारतील, बाई, विषाचं काय झालं? बरोबर! प्राझोसिनने विष मरत नाही. ते फक्त कुलपं सांभाळतं. विषाला धरणारं औषध वेगळं, ती प्रतिविषाची लस. घोड्यांना विष थोडं थोडं टोचून त्यांच्या रक्तात जी प्रतिद्रव्यं तयार होतात त्यांच्यापासून ती करतात. तीही प्रथिनच, म्हणून टोचूनच द्यावी लागते. बावस्कर पतिपत्नींनी सत्तर रुग्ण घेऊन दोन्हींची तुलना केली. पस्तीस जणांना नुसतं प्राझोसिन, पस्तीस जणांना प्राझोसिन अधिक लस. दहा तासांनी पाहिलं तर पहिल्या गटातले आठ पूर्ण बरे झाले होते, दुसऱ्यातले बत्तीस. २०११ साली हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलं. स्वतःच्याच नावाजलेल्या औषधाहून काही तरी बरं आहे का, हे स्वतःच तपासून छापायचं, याला मी शंभरपैकी शंभर गुण देते.

पालकांसाठी चार ओळी. हे वाचून ती गोळी आणून घरात ठेवू नका. ती डॉक्टरांनीच, मुलाचं वजन आणि रक्तदाब बघून द्यायची असते. विंचू चावून मुलाला घाम फुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर उतरवणाऱ्याची वाट बघत बसू नका, गाडी काढा. चावला तेव्हा घड्याळात किती वाजले होते ते डॉक्टरांना सांगा. आणि एक जुनी सवय, आपली गोळी अर्धी मोडून मुलाला द्यायची. मूल म्हणजे अर्धा माणूस नव्हे. त्याचं यकृत, त्याची मूत्रपिंडं औषधाचा हिशेब आपल्यापेक्षा वेगळा ठेवतात. विचारायला मेडिकलवाल्यापर्यंत चालत जायचा कंटाळा मलाही येतो, पण जाते.

हे सगळं मी आईला सांगितलं. अशोकस्तंभापासून सोमेश्वरपर्यंतची किल्लीवाल्या मुलाची गोष्टही सांगितली. ती शेंगा सोलता सोलता ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे ही गोळी विंचवासाठी बनवलीच नव्हती?"

"नाही. रक्तदाबासाठी."

"आणि सत्तरच्या दशकातच बाजारात आली म्हणालीस."

"हो."

"म्हणजे आमचा पोरगा गेला तेव्हा ती होती."

"जगात होती, आई. पण ती या कुलपाला लागते हे कोणाला माहीत नव्हतं. बावस्कर डॉक्टर तेव्हा बिरवाडीला येऊन तीनच वर्षं झाली होती. ते अजून नोंदी करत होते."

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, "त्या नोंदींमध्ये आपल्यासारख्यांची मुलं असतील ना?" मी म्हटलं, असतील. तिने मान हलवली आणि शेंगांचं सूप माझ्यापुढे सरकवलं.

खडीसाखर आणि पिठीसाखर यांत किती मिनिटांचा फरक पडला, ते पोस्टकार्डावर कळवा. पाणी गार होतं की कोमट, तेही लिहा.